छोट्या बशा आणि हरवलेला वाढपी

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एक अट घातली होती : विषय वैद्यकीय नसावा. ‘डॉक्टर, ओपीडीच्या बाहेरचे काही लिहा,’ असे निक्षून सांगण्यात आले. तेव्हा प्रस्तुत लेखकाने आपल्या मते सर्वस्वी अवैद्यकीय असा विषय निवडला. आपल्या इंदूर शहरात गेल्या काही वर्षांत ‘स्मॉल प्लेट्स’ या नावाने जी नव्या थाटाची उपाहारगृहे निघाली आहेत, त्यांतील सेवेची दैना हा तो विषय. लिहावयास बसल्यावर ध्यानी आले, की तो वाटला होता तितका अवैद्यकीय नाही. त्यास आता इलाज नाही.

उपाहारगृहातील सेवेविषयी तक्रार करणारा मनुष्य आपल्याकडे बहुधा वयाचा किंवा पित्तप्रकृतीचा समजला जातो. ‘जेवण उत्कृष्ट होते, सर्व्हिस जरा ढिली होती,’ असे वाक्य आपण सहज बोलून जातो. जणू जेवण ही एक वस्तू आणि ती देणाऱ्याचे वर्तन ही दुसरी, पहिलीशी फारसा संबंध नसलेली वस्तू. साध्या उपाहारगृहाच्या बाबतीत हे काही अंशी खरे मानता येईल. भाजी, पोळी, वरण, भात एकदाचे समोर आले, की वाढणारा हसतमुख होता की आंबट चेहऱ्याचा, याने पोट भरण्यात बाधा येत नाही. परंतु जेथे जेवणच दहा-बारा लहान लहान बशांत विभागलेले आहे, कोणती बशी केव्हा यावी हे खाणाऱ्याच्या हाती नाही आणि बशीत काय आहे हे नुसते पाहून कळत नाही, तेथे सेवा ही जेवणाची शोभा राहत नाही. ती जेवणाचा कणा होते. हा कणाच या नव्या ठिकाणी मोडलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वास्तविक इंदूरकरांस छोट्या बशीचे अप्रूप सांगावयास नको. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार करणाऱ्या सराफ्यात रात्री दुकानांची शटरे खाली आली, की त्याच ओट्यांपुढे खाद्यपदार्थांचे ठेले लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, साबुदाण्याची खिचडी, थंडीत तळलेले गराडू, मालपुवा आणि शेवटी जिलेबी. मध्यरात्र उलटेपर्यंत माणूस द्रोणाद्रोणाने जेवत असतो. छप्पन दुकानांतही तोच प्रकार. स्पेनमधील तापास, तुर्कस्तानापासून लेबनॉनपर्यंत पसरलेले मेझे, दक्षिण चीनमधील कँटन प्रांताचे दिम सम हे सारे याच कुळातले. थोडे थोडे, अनेक परींचे, आणि शक्यतो चौघांनी मिळून खावयाचे.

आता या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे, तिकडे लक्ष वेधावेसे वाटते. देणारा आणि खाणारा समोरासमोर असतात, आणि खाणारा पदार्थ पाहून निवडतो. स्पेनच्या उत्तरेस बास्क प्रांतात पिंचो नावाचे पदार्थ मिळतात. पावाच्या लहान तुकड्यावर काहीतरी ठेवून त्यात काडी खोचलेली. ते उपाहारगृहाच्या काउंटरवर मांडून ठेवलेले असतात, गिऱ्हाईक स्वतः उचलून घेते आणि पुष्कळ ठिकाणी शेवटी उरलेल्या काड्या मोजून हिशेब होतो. दिम समच्या जुन्या चहागृहांत वाफाळत्या करंड्यांची गाडीच टेबलाजवळून फिरते. झाकण उघडून दाखवतात, हवे ते घ्यावे, आणि टेबलावरच्या कार्डावर शिक्का उमटतो. सराफ्यातला ठेलेवाला तर तुमच्याकडे पाहूनच ‘तिखा कम रखूँ?’ असे विचारतो. सोबत मूल असेल तर जीरावन घालण्यापूर्वी त्याचा हात क्षणभर थांबतो. हा थांबलेला हात म्हणजे सेवा. त्याला कोणी गणवेश दिलेला नाही आणि प्रशिक्षणही दिलेले नाही. त्याच्यापुढे खाणारा उभा आहे, एवढेच.

हीच पद्धत मंद दिव्यांच्या, वातानुकूलित, आरक्षण करून जाण्याच्या दालनात नेली, की खाणारा आणि रांधणारा यांच्यामध्ये भिंत येते. भिंतीपलीकडे स्वयंपाकघराचे स्वतंत्र विभाग असतात. एकाकडे थंड पदार्थ, दुसऱ्याकडे तळण, तिसऱ्याकडे भट्टी, चौथ्याकडे वाफवणे. मागणीची चिठ्ठी, जिला त्या व्यवसायात केओटी म्हणतात, एकाच वेळी सर्व विभागांस जाते आणि ज्याचे आधी झाले तो आपली बशी बाहेर ठेवतो. नेहमीच्या उपाहारगृहात सर्व पदार्थ एकत्र टेबलावर जावेत म्हणून स्वयंपाकघरास एकमेकांसाठी थांबावे लागते, मेळ घालावा लागतो. त्या कामात खरे कसब असते. ‘जसजसे तयार होईल तसतसे येईल’ ही घोषणा म्हणजे त्या कसबातून घेतलेली सुटका आहे. मात्र ती गिऱ्हाइकास सोय म्हणून नव्हे, तर तत्त्वज्ञान म्हणून ऐकवली जाते. खुर्चीवर टेकताच एक तरुण येऊन विचारतो, ‘सर, आप पहली बार आए हैं? मैं कॉन्सेप्ट समझा दूँ?’ पन्नाशी ओलांडलेल्या माणसास जेवण कसे जेवावे हे समजावून घ्यावे लागते, हा काळाचा महिमा.

माझ्या तक्रारीस कारण झालेली संध्याकाळ येथे थोडक्यात सांगतो. ठिकाणाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. शहराच्या नव्या भागात अशी ठिकाणे बरीच आहेत आणि त्यांत डावे-उजवे करण्यात अर्थ नाही. आम्ही सात जण होतो. पुण्याहून पुतण्या सहकुटुंब आला होता. त्याची सात वर्षांची मुलगी, तिला काजूची अॅलर्जी आहे आणि ती पूर्वी अंगावर गांधी उठून व उलट्या होऊन सिद्धही झालेली आहे. माझ्या मातोश्री, वय एक्याऐंशी, रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास मिश्र इन्सुलिन घेणाऱ्या. म्हणजे टेबलाच्या एका टोकास अॅलर्जी आणि दुसऱ्या टोकास मधुमेह. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे टेबल याहून फारसे वेगळे नसेल.

सौभाग्यवतींनी मागणी देतानाच विचारले, की पहिले जेवण किती वेळात येईल. ‘पंधरा मिनिट, मॅडम.’ आईंसाठी पावाचा प्रकार आणि भाताचा प्रकार आधी आणावा, असेही सांगितले. मुलगी काजू खाऊ शकत नाही हे पुतण्याने सांगितले, मी पुन्हा सांगितले. त्या तरुणाने दोन्ही वेळा मान डोलावली. त्याच्या हाती कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. डोक्यावरच्या ध्वनिक्षेपकातून असे काही संगीत चालले होते, की त्याला आमचे निम्मे बोलणे तरी ऐकू गेले असेल की नाही याची शंकाच आहे.

आईंचे इन्सुलिन झाले. पंधरा मिनिटांनी पाणी आले. पंचवीस मिनिटांनी पनीरचे भाजलेले तुकडे आले. माणसे सात, तुकडे तीन. त्यानंतर काकडी व हिरव्या पानांचे सॅलड. पस्तिसाव्या मिनिटास मशरूम. पाव नाही, भात नाही. या तीनही बशांत कर्बोदके म्हणावीत अशी जवळजवळ नव्हतीच. मी दोनदा उठून विचारून आलो. दोन निरनिराळ्या व्यक्तींनी ‘बस, आ ही रहा है’ असे उत्तर दिले. त्यांच्यापैकी कोणासही आमचे टेबल आपले वाटत नव्हते. पन्नासाव्या मिनिटाच्या सुमारास आई बोलायच्या थांबल्या आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसला. हे काय आहे ते आपणास सांगावयास नको. मी साखर मागितली. ती यावयाच्या आत सौभाग्यवतींच्या पर्समधील लिमलेटच्या गोळ्यांनी काम केले. दहाएक मिनिटांनी आईंना बरे वाटू लागले. साखर त्यानंतर आली, तीही एका सुबक मातीच्या वाडग्यात, चिमट्यासह.

त्याच गोंधळात आम्ही न मागितलेली एक बशी टेबलावर ठेवण्यात आली. भाजलेल्या रताळ्याचे काप आणि शेजारी पांढरी, मऊसूत चटणी. मुलगी भुकेली होती. तिने काप बुडवण्यास हात पुढे केला. पुतण्याने तो धरला आणि वाढणाऱ्यास विचारले, ‘इसमें काजू तो नहीं?’ उत्तर तत्काळ मिळाले, ‘नहीं सर, क्रीम है.’ हे उत्तर इतके तत्काळ नसते तर कदाचित मी स्वस्थ बसलो असतो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन मी मुख्य आचाऱ्यास बोलावून घेतले. गृहस्थ सज्जन होता. म्हणाला, ‘सर, इसका बेस ही काजू का पेस्ट है.’ बशी शेजारच्या टेबलाची होती, तिकडे गेली.

कोणास काही झाले नाही. पण बिलावर दहा टक्के सेवाशुल्क होते, आणि ‘आजचा अनुभव कसा वाटला?’ असे विचारणारा कागदही होता.

या संध्याकाळीचा निष्कर्ष ‘तो मुलगा निष्काळजी होता’ असा काढणे सोपे आहे, परंतु ते निदान चुकीचे ठरेल. त्याच्या ‘नहीं सर’ या उत्तराकडे पाहावे. त्याने खोटे सांगितले नाही. त्याला ठाऊक नव्हते, आणि ‘ठाऊक नाही, विचारून येतो’ असे म्हणण्याची मुभा आपल्याला आहे हे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याला ‘कॉन्सेप्ट’ पाठ करून घेतला होता, बशी डावीकडून ठेवावी की उजवीकडून हे शिकवले होते. बशीत काय आहे हे मात्र शिकवले नव्हते. दिवे, भिंती, मातीची हस्तनिर्मित भांडी यांवर मालकाने सढळ हाताने खर्च केलेला दिसतो. वाढणाऱ्यांना सायंकाळी अर्धा तास एकत्र बसवून त्या दिवशीचा प्रत्येक पदार्थ चाखवणे, त्यातील घटक सांगणे याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तेवढेच राहून जाते.

काजूविषयी चार शब्द अधिक लिहितो, कारण हा माझ्या प्रांताचा विषय आहे. अन्नाची अॅलर्जी आपल्याकडे पाश्चात्त्य देशांइतकी आढळत नाही असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि म्हणूनच उपाहारगृहांतून तिची दखल घेतली जात नाही. शेंगदाणा निदान दिसतो, चावला की कळतो. काजू हा आपल्या आधुनिक स्वयंपाकातील लपलेला घटक आहे. पांढऱ्या रश्शाला दाटपणा त्याचा, कबाबाच्या मसाल्यात तो, कोफ्त्याच्या पोटात तो, आणि अलीकडे दूधविरहित आहाराची टूम निघाल्यापासून ‘क्रीम’ व ‘चीज’ म्हणून जे देतात त्यातही पुष्कळदा तोच. ज्यास काजूची अॅलर्जी आहे त्यास पिस्ताही बाधण्याची शक्यता मोठी असते, कारण दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. प्रतिक्रिया तीव्र झाली तर पहिले औषध अॅड्रिनॅलिनच, मांडीच्या बाहेरील अंगास स्नायूत. आणि ते उपाहारगृहाच्या टेबलावर नसते. म्हणजे सारी भिस्त त्या ‘नहीं सर’ वर.

लंडनमध्ये २०१७ साली एक तरुण आपला अठरावा वाढदिवस साजरा करण्यास एका बर्गरच्या उपाहारगृहात गेला. त्याला दुधाची अॅलर्जी होती आणि त्याने ती वाढणाऱ्यांस सांगितली होती. कोंबडीचे मांस ताकात मुरवलेले होते. मेनूकार्डावर त्याचा उल्लेख नव्हता आणि त्यालाही कोणी सांगितले नाही. त्याच दिवशी तो मरण पावला. २०१९ साली मृत्यूची न्यायिक चौकशी पूर्ण झाली, आणि त्याच्या कुटुंबीयांनी ‘ओवेन्स लॉ’ या त्याच्या नावाच्या मोहिमेद्वारे मेनूवर अॅलर्जीची लेखी माहिती सक्तीची करावी अशी मागणी लावून धरली. ताक ही आपल्या लेखी किती निरुपद्रवी वस्तू! या प्रकरणात प्रश्न बिघडलेल्या स्वयंपाकाचा, शिळ्या अन्नाचा किंवा अस्वच्छतेचा नव्हता. स्वयंपाकघरास ठाऊक असलेली गोष्ट टेबलापर्यंत पोचली नाही, एवढेच घडले. आणि ती पोचवणे हेच वाढपी नावाच्या माणसाचे काम आहे.

आपल्या देशात या बाबतीत नियम नाही असे नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलिंग व प्रदर्शनविषयक विनियमांनी उपाहारगृहांवरही काही बंधने घातली : पदार्थापुढे उष्मांक लिहावेत, अॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी. परंतु ही सक्ती केंद्रीय परवाना असणाऱ्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असणाऱ्या संस्थांना आहे. त्यामुळे साखळी दुकानात पिझ्झा खाणाऱ्या मुलास छापील माहितीचे जे संरक्षण मिळते, ते एकुलत्या एका शाखेच्या, दिमाखदार, महागड्या उपाहारगृहात मिळेलच असे नाही. जेथे कागद नाही तेथे माणूस तरी जाणता हवा.

येथे आपल्या व्यवसायातील एका साध्या रिवाजाची आठवण येते. अतिदक्षता विभागात तोंडी सूचना द्यावी लागली, तर परिचारिका ती लिहून घेते आणि आपल्याला वाचून दाखवते : औषध, मात्रा, मार्ग. आपण ‘बरोबर’ म्हटल्यावरच पुढची क्रिया होते. त्यास दहा सेकंद लागतात. रात्रपाळीची परिचारिका दिवसपाळीकडून रुग्ण स्वीकारताना खाटेशेजारी उभी राहून स्वीकारते, गॅलरीतून नव्हे. या दोन गोष्टी उपाहारगृहात नेण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. मागणी लिहून घ्यावी, वाचून दाखवावी, आणि टेबल एकाचे असावे. दुसऱ्याच्या हाती गेलेच तर सांगून जावे. उलट या ठिकाणी ‘कागद न घेता मागणी लक्षात ठेवणे’ ही एक शोभेची करामत मानली जाते. माझ्या वॉर्डात कोणी अशी करामत करू लागले, तर त्यास मी दुसऱ्या दिवशी ठेवणार नाही.

कोणी म्हणेल, डॉक्टर, हे हॉटेल आहे, रुग्णालय नव्हे. चार घटका मौज करावयास लोक येतात. मान्य. तथापि मौजेच्या ठिकाणी भूक, वय आणि व्याधी दाराबाहेर ठेवून येता येत नाहीत. शिवाय मुलांचा विचार या ठिकाणी कोणी केलेलाच दिसत नाही. सात वर्षांचे मूल रात्री नऊ वाजता पाऊण तास उपाशी बसते, तेव्हा आईबाप त्याच्या हाती मोबाइल देतात. मग बशी येते तेव्हा मूल मान वर करीत नाही. मूल जेवत नाही ही तक्रार घेऊन हेच आईबाप सोमवारी माझ्याकडे येतात. मागितल्याबरोबर दहीभाताची एक वाटी मिळेल अशी सोय असावी. पण दहीभात त्या ‘कॉन्सेप्ट’ मध्ये बसत नाही.

आपल्या पूर्वजांनी एका वेळी पन्नास माणसांस दहा-बारा पदार्थ वाढण्याचा प्रश्न फार पूर्वी सोडवलेला होता. पंगतीत पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात, त्यावर वरण, शेवटी तूप. प्रत्येक वाढप्याकडे एकच पदार्थ, आणि तो तेवढ्या एका पदार्थाविषयी सर्व काही जाणणारा. शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत पहिले पान थांबलेले असे. पण पहिल्या पानावर तोवर समग्र जेवण असे, नुसते तीन तुकडे नव्हेत. यजमान पंगतीतून फिरे, ते केवळ आग्रहासाठी नव्हे. कोणाचा उपास आहे, कोणास गोड वर्ज्य आहे, कोणाच्या पानात काय संपले आहे, यावर त्याची नजर असे. मुलांची पंगत आधी उठे. त्या पंगतीत कोणास बसू दिले जात नसे, आणि बायकांना शेवटी थंड झालेले अन्न कसे मिळे, हे मी विसरलेलो नाही. ते दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. मला फक्त वाढप्याची आठवण येते. त्याचा वारसा आज असलाच तर थाळीच्या खानावळींत आहे. चार वाट्यांचे भांडे घेऊन फिरणारा तेथील माणूस आमटी संपण्यापूर्वी हजर होतो, आणि काही ठिकाणी तर पलीकडच्या सहकाऱ्यास नुसत्या बोटांच्या खुणेने ‘पोळी, चार नंबर’ असे सांगतो. त्या थाळीत तरी छोट्या बशांवाचून दुसरे काय असते? फरक एवढाच, की त्या सर्व एकदम आलेल्या असतात.

आता सेवाशुल्काविषयी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून उपाहारगृहांनी हे शुल्क बिलात आपोआप लावू नये असे सांगितले. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांस स्थगिती दिली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाने तत्त्वे वैध ठरवली आणि हे शुल्क देणे ऐच्छिक आहे, ते लादता येणार नाही, असा निर्णय दिला. उपाहारगृहांच्या संघटनांनी त्यावर अपीलही केले. कायद्याची बाजू कायदेपंडितांनी पाहावी. माझे म्हणणे निराळे आहे. त्या रात्री मी ते शुल्क काढावयास लावले, आणि व्यवस्थापकाने एका शब्दानेही हरकत न घेता काढले. या तत्परतेचे मला अधिक वाईट वाटले. पाव का आला नाही, काजू कसा आला, हे त्याने विचारले नाही. रक्कम वजा केली की त्याच्या लेखी प्रकरण मिटले. रुग्णाची तक्रार ऐकून न घेता नुसते बिल कमी करणाऱ्या रुग्णालयाविषयी आपण काय म्हणू?

आणि तो मुलगा? बिल होत असताना मी त्याच्याशी दोन शब्द बोललो. खरगोनकडचा, वय एकोणीस, कामावर लागून अकरा दिवस झालेले. दुपारी बारापासून उभा. आपण दुपारी काय खाल्ले असे विचारल्यावर तो नुसता हसला. मेनूवरील एकही पदार्थ त्याने चाखलेला नव्हता. आपल्या व्यवसायातील काही मंडळी अशा वेळी वाढणाऱ्या पोरावर ‘मी कोण आहे माहीत आहे का’ अशा आवाजात तोंडसुख घेतात, ते मी पाहिलेले आहे. ते अशोभनीय तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. कारण ज्याने ऐकावयास हवे तो त्या वेळी तेथे नसतो. तक्रार करावयाची तर लेखी, मालकाच्या नावे, आणि मुद्देसूद. मी तशी केली. कोणता पदार्थ कितव्या मिनिटास आला, काय विचारले, काय उत्तर मिळाले, एवढेच लिहिले. विशेषणे वापरली नाहीत. उत्तरादाखल एक सवलतीचे कूपन आले. कूपन परत पाठवून पुन्हा विचारले, की वाढणाऱ्यांस घटकांची यादी देणार काय? त्या पत्राचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.

तोपर्यंत माझ्या परीने एक उपाय सुरू केला आहे. अन्नाची अॅलर्जी असलेल्या माझ्या बालरुग्णांच्या पालकांस मी व्हिजिटिंग कार्डाएवढे एक कार्ड देतो. एका बाजूस हिंदी, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. हिंदी मजकूर असा : ‘इस बच्चे को काजू और पिस्ता से गंभीर एलर्जी है। कृपया यह कार्ड रसोई में ले जाकर मुख्य रसोइये को दिखाइए और उनका उत्तर हमें बताइए।’ घटकांची नावे रुग्णानुसार बदलतात. कार्ड वाढणाऱ्याच्या हाती द्यावे, आणि उत्तरासह परत मागावे. लगेच जागच्या जागी परत मिळाले तर तेथे मुलास काही देऊ नये. एका आईने मला तिचे कार्ड दाखवले, त्याच्या कोपऱ्यावर हळदीचे पिवळे बोट उमटले होते. ते स्वयंपाकघरात जाऊन आले होते यात शंका नव्हती. पुढील खेपेस कार्डे प्लास्टिकच्या आवरणात करून घ्यावीत अशी तिची सूचना आहे. आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी कोणास हा मजकूर हवा असल्यास त्यांनी तो माझ्या दवाखान्यातून अवश्य नेववावा.